न पेटणारा गीझर काय सांगतो?

पौषातील पहाट. वडीलधाऱ्यांना अभिषेकाच्या वेळेपूर्वी जिनालयात पोहोचायचे असते, मुलांची रिक्षा सातला दारात येणार असते आणि दुकान वेळेवर उघडायचे असते. अशा वेळी न्हाणीघरातील नळ सोडावा आणि गॅस गीझर पेटूच नये! मग कोणी गीझरवर थाप मारतो, कोणी नळ दहा वेळा सोडतो आणि बंद करतो, तर कोणी काडेपेटी शोधू लागतो. दुकानात एखाद्या नोकराने असा उतावीळपणा केला, तर आपण तो खपवून घेणार नाही. घरात मात्र तो आपल्याच हातून घडतो.

आपल्या आजोबांच्या काळी तांब्याचा बंब होता. त्याचा धूर डोळ्यांना झोंबत असे, म्हणून खिडक्या न सांगता उघडल्या जात. गीझरने धूर नाहीसा केला. त्याबरोबर धोकाही गेला, असे मात्र नाही. तो दिसेनासा झाला, एवढेच. म्हणूनच गीझर पेटत नाही तेव्हा ‘कसा पेटवू?’ यापूर्वी ‘का पेटत नाही?’ हा प्रश्न विचारला पाहिजे.

त्यासाठी त्याची रचना थोडक्यात समजून घेऊ. नळ सोडताच वाहत्या पाण्याच्या दाबाने आतील रबरी पडदा सरकतो आणि एक छोटा स्विच दाबला जातो. बहुतेक साध्या गीझरमध्ये दीड व्होल्टचे दोन जाड सेल असतात. त्यांच्या विजेवर टकटक असा आवाज करीत ठिणग्या पडू लागतात, त्याच वेळी गॅसची झडप उघडते आणि ज्योत पेटते. ज्योतीजवळची एक बारीक दांडी ज्योतीवर लक्ष ठेवते. काही क्षणांत ज्योत दिसली नाही, तर झडप आपोआप बंद होते. पाणी, वीज, गॅस आणि हवा या चौघांची साखळी जुळली, तरच अग्नी प्रकट होतो.

रोजमेळ जुळला नाही, तर जाणता मुनीम आकडे अंदाजाने फिरवीत नाही. आरंभीच्या शिलकेपासून एकेक नोंद तपासतो. येथेही तोच क्रम ठेवावा. आपले कान हेच पहिले साधन.

नळ सोडल्यावर टकटक ऐकूच येत नसेल, तर दोष बहुधा पाण्यात किंवा सेलमध्ये असतो. दोन्ही सेल एकाच वेळी नवे घालावेत; एक जुना आणि एक नवा अशी जोडी नको. त्यानंतर पाण्याची धार पाहावी. आपल्या घरांत दोन कारणे विशेष आढळतात. पहिले म्हणजे नळाला बांधलेले पाणी गाळण्याचे फडके. ते गाळाने भरले की धार मंदावते आणि आतील पडदा सरकत नाही. फडके वेळच्या वेळी विधिपूर्वक धुवावे किंवा बदलावे. दुसरे कारण आपल्या सद्हेतूतच दडलेले आहे. अप्कायाची विराधना कमी व्हावी म्हणून आपण नळ अगदी थोडा सोडतो. पण तेवढ्या धारेवर गीझर पेटत नाही. नळ पुरेसा सोडून बादली हवी तेवढी भरावी आणि लगेच बंद करावा. पाण्याची बचत बादलीच्या मापाने होते; बारीक धारेने ती होतेच असे नाही. याखेरीज गीझरच्या तोंडाशी असलेली जाळी क्षाराने बुजते. वरच्या मजल्यावर पाण्याची टाकी फार उंच नसल्यामुळेही दाब अपुरा पडतो.

टकटक ऐकू येते, परंतु ज्योत पेटत नाही, अशा वेळी लक्ष गॅसकडे वळवावे. सिलिंडर संपत आला आहे का, रेग्युलेटर नीट बसला आहे का, रबरी नळी कोठे दुमडली आहे का, हे पाहावे. सिलिंडर नुकताच बदलला असेल, तर नळीत शिरलेली हवा निघून जाईपर्यंत पहिला प्रयत्न फसू शकतो. येथेही सेल विसरू नयेत. क्षीण झालेल्या सेलवर ठिणगी पडते, पण झडप उघडण्याइतके बळ त्यांत उरत नाही. मुंबई-पुण्यात पाइपगॅस घेतलेल्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट जाणावी: सिलिंडरच्या गॅससाठी बनविलेला गीझर आतील जेट न बदलता पाइपगॅसवर चालवू नये. तो बदल अधिकृत कारागिराकडूनच करून घ्यावा.

दोन-तीन प्रयत्न फसले, तर थांबावे. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात थोडा गॅस बाहेर पडतो. सिलिंडरचा गॅस हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो. पाइपगॅस हलका असल्याने छताकडे जातो. खिडकी-दार उघडून काही मिनिटे थांबल्याशिवाय पुन्हा प्रयत्न नको. काडेपेटीचा तर विचारही नको. पेटताना ‘भप्प’ असा आवाज झाला, तर तो गॅस साचून उशिरा पेटल्याचा इशारा समजावा आणि वापर त्या क्षणी थांबवावा. गॅसचा वास येत असेल, तर सिलिंडरचा रेग्युलेटर किंवा पाइपचा कॉक बंद करावा. विजेचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. घराबाहेर येऊन मदत मागवावी. एलपीजी गळतीसाठी 1906 हा आपत्कालीन क्रमांक आहे.

आता तिसरा आणि सर्वांत गंभीर प्रकार: गीझर पेटतो, पण थोड्या वेळाने विझतो. ज्योत पाहणाऱ्या दांडीवर काजळी बसली असेल, मध्येच धार कमी झाली असेल किंवा अतितापाची सुरक्षा कळ कार्यरत झाली असेल. मात्र हवा अपुरी पडत असण्याचीही शक्यता असते. काही गीझरमध्ये प्राणवायू घटताच ज्योत विझविणारी योजना असते. असा गीझर ‘सारखा विझतो’ म्हणून जो कारागीर ती योजनाच काढून टाकतो, तो दुरुस्ती करीत नाही. घराचा रखवालदार काढून नेतो.

हवेचा हिशेबच मांडून पाहू. पाच फूट बाय सहा फूट न्हाणीघर, उंची आठ फूट. म्हणजे सुमारे पावणेसात घनमीटर हवा. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गीझर पूर्ण ज्योतीवर दहा मिनिटांत साधारण दीडशे ग्रॅम गॅस जाळतो आणि त्यासाठी सुमारे दोन घनमीटर हवेतील प्राणवायू खर्च होतो. न्हाणीघर पूर्ण बंद असेल, तर दहा मिनिटांत तेथील प्राणवायूचा पाव हिस्सा संपला! प्राणवायू घटला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पायांतील बळ जाते आणि दाराची कडी काढण्याचे भानही उरत नाही. बंद न्हाणीघरात गीझर चालू ठेवून स्नानास गेलेली माणसे परत न आल्याच्या दुःखद घटना आपल्याकडे पुन्हा पुन्हा घडल्या आहेत.

म्हणून गीझरची जागा न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या सज्जात असावी आणि केवळ गरम पाण्याची नळी आत यावी. ते होईपर्यंत दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा आणि मगच स्नानास जावे. स्नान करताना कोणाला चक्कर आली, तर प्रथम दार-खिडक्या उघडून त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत न्यावे, गॅस बंद करावा आणि विलंब न करता रुग्णालय गाठावे. बरे वाटू लागले, तरी वैद्यकीय तपासणी टाळू नये.

तत्त्वार्थसूत्राने हिंसेच्या व्याख्येत प्रमादाला स्थान दिले आहे. आपण अग्नीलाही जीव मानणारी माणसे. तो चेतविताना आणि विझविताना यतना राखावी, हा संस्कार आपल्याला घरातूनच मिळालेला आहे. तीच यतना घरच्या माणसांच्या श्वासापर्यंत पोहोचली पाहिजे.

येत्या रविवारी दुकानाची घाई नसेल तेव्हा गीझरसमोर पाच मिनिटे उभे राहावे. तो कोठे लावला आहे, नळी किती जुनी झाली आहे, सेल कधी बदलले, ज्योत निळी आहे की पिवळी, हे पाहावे. पिवळी ज्योत अर्धवट ज्वलनाची खूण आहे. तेव्हा गीझर बंद ठेवून अधिकृत कारागीर बोलवावा. आणि घरातील लेकी-सुनांपासून आजीपर्यंत सर्वांना एकत्र बसवून एवढे अवश्य सांगावे: गीझर पेटला नाही, तर आज चुलीवर पाणी तापवू, अभिषेकाला थोडा उशीर झाला तरी चालेल.