मसूर स्टेशन : रेल्वेने पोहोचवले, जातीने अडवले

सातारा जिल्ह्यातील कराड तालुक्यात, पुणे-मिरज मार्गावर मसूर हे छोटे रेल्वे स्थानक आहे. सदर्न मराठा रेल्वेच्या काळात हा मार्ग मीटरगेज होता; पुढे ब्रॉडगेज झाला. आज स्थानक मध्य रेल्वेच्या पुणे विभागात येते. पण आपल्यासाठी मसूरची ओळख वेगळी आहे.

१९०१ साली बालवयातील बाबासाहेब आंबेडकर भाऊ आणि भाच्यांसोबत साताऱ्याहून रेल्वेने येथे उतरले. वडील सुभेदार रामजी खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी कामावर खजिनदार होते. पत्र वेळेत न पोहोचल्याने घ्यायला कोणी आले नव्हते. नीटनेटक्या कपड्यांतील मुलांची स्टेशन मास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. महार असल्याचे कळताच त्यांचा चेहरा बदलला. एकही बैलगाडीवाला तयार होईना. अखेर दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला. अट अशी की गाडी मुलांनीच हाकायची, तो पायी चालणार. त्या रात्री जेवण सोबत असूनही पाण्याअभावी मुले उपाशी झोपली. हा प्रसंग बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये स्वतः नोंदवला आहे.

रेल्वेने तिकीट घेतले आणि मुलांना मसूरपर्यंत आणले. फाटकाबाहेर मात्र पैसाही चालला नाही, जात चालली. म्हणूनच सार्वजनिक सेवा कायद्याने सर्वांसाठी खुली असावी लागते. राज्यघटनेचे कलम १५ हेच सांगते.

तरुणांनो, चवदार तळ्याइतकेच मसूरही वाचा, आणि जमेल तेव्हा तिथे उतरून पाहा. जयभीम!