एका चौरस मिलिमीटरात सतरा हजार पिक्सेल

ॲपलच्या ‘व्हिजन प्रो’ या हेडसेटच्या २०२४ च्या पहिल्या आवृत्तीत एका पिक्सेलची रुंदी साडेसात मायक्रॉन. मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातले साडेसात. माणसाच्या रक्तातली तांबडी पेशी साधारण एवढीच असते. प्रत्येक डोळ्यापुढे टपाल तिकिटाएवढा एक पडदा आहे, साडेसत्तावीस मिलिमीटर रुंद आणि चोवीस मिलिमीटर उंच. दोन्ही पडद्यांवर मिळून असे सुमारे २ कोटी ३० लाख पिक्सेल बसवले आहेत. गणित करून पाहिलं तर एका चौरस मिलिमीटरात १७ हजारांवर पिक्सेल येतात. भिंतीवरच्या फुल एचडी टीव्हीत २० लाख ७३ हजार पिक्सेल असतात. ते सगळे या पडद्याच्या सव्वा चौरस सेंटिमीटरापेक्षाही कमी जागेत मावतील.

आणि एवढं करूनही डोळ्याचं समाधान होत नाही. निरोगी डोळ्याला एका अंशात सुमारे साठ पिक्सेल वेगवेगळे ओळखता येतात. या हेडसेटमध्ये एका अंशाच्या वाट्याला सरासरी चौतीसच येतात, कारण समोरचं भिंग त्या इवल्या पडद्याला ताणून नजरेच्या बऱ्याच मोठ्या भागावर पसरवतं. ६५ इंची फोर-के टीव्ही दोन मीटरवरून पाहिला तर हाच आकडा नव्वदच्या वर जातो. टीव्ही नजरेचा एक तुकडा व्यापतो, हेडसेटला जवळजवळ सगळं जग दाखवायचं असतं. तांबड्या पेशीएवढा पिक्सेल घडवल्यावरही निसर्ग जवळजवळ दुपटीने पुढे आहे, हे कळल्यावर मला त्या पडद्याइतकंच आपल्या डोळ्याचंही नवल वाटलं.

जागेपेक्षा वेळेचा हिशोब अवघड आहे. हेडसेट घातल्यावर समोरची खोली थेट दिसत नाही. कॅमेरे ती टिपतात आणि पडदे ती पुन्हा उभी करतात. प्रकाश कॅमेऱ्यात शिरल्यापासून पडद्यावर उमटेपर्यंत १२ मिलिसेकंद लागतात, असं ॲपल सांगते. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. पण माणूस मान वळवतो तेव्हा सेकंदाला शंभर अंशांचा वेग सहज गाठतो. तेवढ्या १२ मिलिसेकंदांतही मान सुमारे सव्वा अंश पुढे गेलेली असते, म्हणजे चित्र चाळीसेक पिक्सेल मागे राहतं. उशीर याहून फार वाढला तर डोळा आणि कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय यांचं जमेनासं होतं आणि मळमळायला लागतं. म्हणून एम-टू या मुख्य चिपच्या जोडीला फक्त या कामासाठी आर-वन नावाची वेगळी चिप आहे. १२ कॅमेरे, ५ सेन्सर आणि ६ मायक्रोफोन यांच्याकडून येणारी माहिती ती हाताळते. बारापैकी चार कॅमेरे तर घालणाऱ्याच्या बुबुळांवर नजर ठेवून असतात. जिथे बघाल तेवढाच भाग पूर्ण बारकाईने रेखाटला जातो, बाकीचा ढोबळ. पडदे सेकंदाला ९० वेळा बदलतात, म्हणजे दर सेकंदाला २०७ कोटी पिक्सेलांचा हिशोब. बॅटरी दोन तास चालते. तेवढ्यात हा आकडा पंधरा लाख कोटींच्या घरात जातो.

२ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेत विक्री सुरू झाली आणि लगेचच कॅलिफोर्नियातल्या ‘आयफिक्सिट’च्या लोकांनी हे यंत्र खोलायला घेतलं. ते नवनवी यंत्रं उघडून त्यांच्या दुरुस्तीच्या सोपेपणाला गुण देतात. व्हिजन प्रोला त्यांनी तात्पुरते दहापैकी चार दिले. पट्टे, चेहऱ्याला टेकणारी गादी, कानाजवळचे स्पीकर हे सगळं सहज सुटतं. स्पीकर काढायला सिमकार्डची पिन पुरते. समोरची काच मात्र गोंदाने चिकटवलेली. ती गरम करून, पातळ पात्याने उचकटावी लागते. तिच्यामागे आणखी एक पडदा आहे, तो बाहेरच्यांसाठी. घालणाऱ्याचे डोळे त्यावर दिसावेत म्हणून बारीक उभ्या भिंगांचा एक थर आणि चित्र रुंदावणारा दुसरा थर रचला आहे. माझ्या मते सगळ्या यंत्रातली ही सर्वांत अनावश्यक कारागिरी. एवढं करून दिसतात ते डोळे अंधुकच, आणि त्यांच्यापायी हेडसेटची सर्वांत पुढे आलेली, पहिली ठोकर खाणारी बाजू काचेची झाली.

त्या काचेला तडा गेला तर विक्री सुरू झाली तेव्हाचा दुरुस्तीचा दर होता ७९९ डॉलर, तेव्हाच्या भावाने ६६ हजार रुपये. इतर मोडतोड झाली तर २,३९९ डॉलर. यंत्राची किंमतच मुळात ३,४९९ डॉलर होती. दोन वर्षांचं संरक्षण घ्यायचं तर ४९९ डॉलर आधी भरायचे आणि दर दुरुस्तीला २९९ वेगळे. बेरीज ७९८. पहिल्या तड्याला सगळ्या संरक्षणातून वाचतो तो एक डॉलर.

साडेसात मायक्रॉनच्या पिक्सेलची दुरुस्ती कुणी मागत नाही, आणि ती शक्यही नाही. पडदा बिघडला तर पडदा बदलावा लागणार, हे समजण्यासारखं आहे. पण माणसाच्या हातून फुटते ती काच, ओढली जाते ती वायर, आणि झिजते ती बॅटरी. बॅटरी वेगळ्या पेटीत, खिशात ठेवायची, हा निर्णय मला मनापासून आवडला. ३५३ ग्रॅमचं ते ओझं डोक्यावर आलं नाही, आणि ती थकल्यावर सहाशे ग्रॅमच्या हेडसेटला हात न लावता दुसरी जोडता येते. मात्र पेटीच्या आत फोनच्या बॅटरीएवढे तीन सेल, आणि त्यांच्यापर्यंत पोचायला पुन्हा गोंद, खटके आणि मग स्क्रू. एक सेल दमला तरी तिन्ही सेलांसकट ती ॲल्युमिनियमची पेटी बाजूला ठेवून १९९ डॉलरची नवी घ्यायची. गोंदाशिवाय, नुसत्या स्क्रूंवर बसणारं झाकण इथे पुरलं असतं.