जहाजबांधणी उद्योग : आव्हाने आणि भवितव्य

पोलाद, यंत्र, भांडवल आणि कुशल हात या चौघांचा मेळ बसल्याखेरीज जहाज पाण्यात उतरत नाही. म्हणूनच एखाद्या राष्ट्राची औद्योगिक कुवत त्याच्या गोदीत स्पष्ट दिसते. भारताच्या परदेश व्यापारातील माल वजनाने मोजला, तर त्यापैकी सुमारे ९५ टक्के समुद्रमार्गे ये-जा करतो. तरीही जगातील जहाजबांधणीत आपला वाटा एक टक्क्याहून कमी आहे. चीन, दक्षिण कोरिया आणि जपान हे तीनच देश नव्वद टक्क्यांहून अधिक बांधणी करतात. हे असे का झाले, याचे उत्तर आम्ही प्रथम इतिहासात शोधतो.

हे कौशल्य आपल्या भूमीला परके नव्हते. १७३६ साली लवजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजांची परंपरा उभी केली. १८१७ साली येथे बांधलेले 'त्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे. पुढे लोखंड आणि वाफेचे युग आले. याच घराण्यातील अर्देशर करसेटजी यांनी वाफेच्या यंत्राचे शास्त्र आत्मसात केले आणि १८४१ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले. ज्ञान येथे होते. परंतु लोखंडाचे कारखाने, भांडवल आणि जहाजांची मागणी ठरविण्याचा अधिकार ब्रिटनच्या हाती होता. म्हणून परंपरा खुंटली.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीने १९४१ मध्ये विशाखापट्टणम येथे आधुनिक कारखान्याची पायाभरणी केली. १४ मार्च १९४८ रोजी 'जलउषा'चे जलावतरण पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. पुढे हा उद्योग मुख्यतः शासनाने चालविला. १९७२ मध्ये कोची येथे मोठ्या गोदीची पायाभरणी झाली. त्याच वर्षी दक्षिण कोरियात उल्सान येथेही गोदीचे काम सुरू झाले. उल्सानमध्ये १९७४ सालीच अजस्र तेलवाहू जहाजे उभी राहिली. कोचीचे पहिले जहाज 'राणी पद्मिनी' १९८१ साली पूर्ण झाले. कोरियाने पोलाद, कर्जपुरवठा, सुटे भाग आणि निर्यात यांची एकत्र आखणी केली होती. आपल्याकडे गोदी उभी राहिली, पण तिच्या भोवतीचा उद्योग उभा राहिला नाही.

युद्धनौकांच्या बाबतीत मात्र आपण मागे नाही. माझगाव गोदीने विनाशिका आणि पाणबुड्या बांधल्या. कोचीत बांधलेली विमानवाहू नौका 'विक्रांत' २०२२ मध्ये नौदलात दाखल झाली. तिचे विशेष पोलाद देशातच तयार झाले; तिची गॅस टर्बाइन इंजिने मात्र मूळ अमेरिकन रचनेची आहेत. युद्धनौकेला देशाचे नौदल हा निश्चित ग्राहक असतो. व्यापारी जहाजाचा मालक जगभरातील किमती आणि मुदती तोलून पाहतो. जहाज पूर्ण होईपर्यंत दोन-तीन वर्षे भांडवल अडकून पडते आणि आपल्याकडे व्याजाचा दर चढा असतो. इंजिने व दिशादर्शक उपकरणे बव्हंशी आयात होतात. एकाच नमुन्याची अनेक जहाजे बांधली की प्रत्येकाचा खर्च उतरतो. पण मागणी थोडी असल्याने हा लाभही मिळत नाही.

भवितव्याविषयी आशा बाळगण्यास कारण आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या क्षेत्रासाठी ६९,७२५ कोटी रुपयांच्या योजनांना मान्यता दिली. त्यांत जहाजबांधणीस अर्थसाहाय्य, २५,००० कोटींचा सागरी विकास निधी आणि नव्या गोद्यांसाठी तरतूद आहे. २०४७ पर्यंत जगातील पहिल्या पाच देशांत स्थान मिळविण्याचे उद्दिष्ट आहे. पैशाची सोय झाली. हातांची सोय कोण करणार, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

जहाज वेल्डर, फिटर, पाइप जोडणारे, रंगारी आणि वीजतंत्री यांच्या श्रमांतून उभे राहते. उंचावर आणि बंद टाक्यांत चालणारे हे काम धोक्याचे असते. त्यातील बराच भाग कंत्राटी कामगारांकडे असतो. त्यांची सुरक्षा व रास्त वेतन हा उद्योगाचा पाया मानला पाहिजे. जन्मावर धंदा बांधणारी व्यवस्था उद्योगाच्या बदलत्या गरजांशी जुळवून घेऊ शकत नाही आणि त्यातून बेकारी वाढते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालीच मांडले होते. उद्याच्या गोदीला लागणारे कौशल्य वारशाने मिळणारे नाही, ते शाळेतून व कार्यशाळेतून मिळवावे लागेल. हीच आमच्या विद्यार्थ्यांची संधी आहे.

माझगाव गोदीत आठवी, दहावी किंवा आयटीआय उत्तीर्ण झालेल्यांना शिकाऊ उमेदवार म्हणून स्पर्धेतून प्रवेश मिळतो. खरगपूर व मद्रास येथील आयआयटीत आणि कोचीच्या विद्यापीठात जहाजबांधणीचे अभियांत्रिकी शिक्षण उपलब्ध आहे. ही माहिती वसतिगृहातील प्रत्येक खोलीपर्यंत पोहोचविणे हे आम्हां शिक्षकांचे कर्तव्य आहे. समुद्र आमच्या गावांपासून दूर असेल. पण गणित आणि विज्ञान पक्के असलेल्या मुलामुलींना गोदीचे दार दूर नाही.