घरांत मोठ्यानें वाचावयाचीं पुस्तकें

दिवाळी जवळ आली कीं नात्यांतल्या सुनामुली मला हमखास विचारतात, “काकू, घरांत सगळ्यांना आवडेल असें कांहीं वाचावयास सुचवा ना!” प्रश्न साधा दिसतो, पण उत्तर देतांना माझी पंचाईत होते. ‘सगळे’ म्हणजे कोण? दृष्टि अधू झालेल्या ऐंशी वर्षांच्या सासूबाई, कचेरींतून दमून येणारा मुलगा, आणि इंग्रजी शाळेंत जाणारीं, मराठी अक्षरें लावीत लावीत वाचणारीं नातवंडें! प्रत्येकास निराळें पुस्तक देणें सोपें आहे. आणि आज ज्याच्या त्याच्या हातीं स्वतःचा मोबाइल असल्यामुळें तें आपोआपच घडतें. मी मात्र पुस्तकें सांगतें तीं एकानें मोठ्यानें वाचावयाचीं व बाकीच्यांनीं ऐकावयाचीं. डोळ्यांना गोड लागलेलें पुस्तक कानांना पुष्कळदां बेचव लागतें. पुढें ज्यांची शिफारस करीत आहें, तीं सर्व आमच्या घरीं कानाच्या कसोटीला उतरलेलीं आहेत.

प्रारंभ लहान गोष्टीनें करावा. श्रावणांत लागणारें कहाण्यांचें पातळ पुस्तक बहुतेक घरीं असतें आणि व्रतें संपलीं कीं वर्षभर देव्हाऱ्याखालीं पडून राहतें. त्यांतील सोमवारची खुलभर दुधाची कहाणी काढा. राजाला महादेवाचा गाभारा दुधानें भरावयाचा असतो. म्हणून गांवांतलें सगळें दूध देवळांत आणण्याविषयीं दवंडी पिटली जाते. वासरें उपाशीं, पोरें उपाशीं, आणि गाभारा कांहीं भरत नाहीं. दुपारीं एक म्हातारी घरच्या मुलांना व लेकीसुनांना जेवूं घालून, गाईवासरांना तृप्त करून, उरलेलें खुलभर दूध घेऊन येते आणि गाभारा भरतो. वाचावयास पांच मिनिटेंही लागत नाहींत. पण नंतर मुलांना विचारा, “राजाचें चुकलें काय? तो कांहीं तें दूध स्वतः पीत नव्हता!” आमच्या घरीं या एका प्रश्नापायीं वाढलेलीं पानें अर्धा तास खोळंबलीं होतीं.

ही कहाणी मला मिळाली ती आमच्या थोरल्या आत्याकडून. तिला चौदाव्या वर्षीं वैधव्य आलेलें, केशवपन झालेलें. जन्मभर ती लाल आलवणांत वावरली. शुक्रवारच्या हळदीकुंकवास ती समोर येत नसे. परंतु कहाणी वाचणाऱ्या सवाष्णीचा एखादा शब्द चुकला कीं आंतल्या खोलींतून तिचा आवाज येई आणि शब्द जागच्या जागीं दुरुस्त होई.

नातवंडें परदेशीं असलीं व त्यांचें वाचन इंग्रजींतच चालत असलें, तर त्यांच्यासाठीं मी मेरी फ्रिअर यांचें ‘ओल्ड डेक्कन डेज’ सुचवितें. या मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कन्या. वडिलांबरोबर दख्खनच्या दौऱ्यावर असतां सोबतच्या आन्ना लिबेराता डिसूझा या आयाबाईनें सांगितलेल्या गोष्टी त्यांनीं लिहून काढल्या व त्यांचें पुस्तक १८६८ सालीं प्रसिद्ध झालें. गळक्या छपरानें त्रासलेली एक म्हातारी आपण वाघापेक्षां या टपटपीलाच अधिक भितों असें म्हणते. भिंतीआड पाऊस चुकवीत उभा असलेला वाघ तें ऐकून अर्धमेला होतो, आणि तेवढ्यांत एक कुंभार आपलें हरवलेलें गाढव समजून त्याला बदडीत घरीं नेतो. ही गोष्ट हंसल्यावांचून वाचून दाखविणारा मनुष्य मीं अजून पाहिला नाहीं. गोष्टींच्या आधीं आन्नाबाईंनीं सांगितलेली त्यांची स्वतःची हकीकत आहे, ती कृपा करून गाळूं नये. या गोष्टी त्यांना आजीच्या तोंडून मिळालेल्या होत्या.

आतां कादंबरी. हरि नारायण आपट्यांचें नांव सर्वांना ठाऊक असतें. ‘उषःकाल’ पुष्कळांनीं वाचलेलीही असते. परंतु एकच निवडावयाची झाल्यास मी ‘पण लक्षांत कोण घेतो’ हीच निवडीन. आपट्यांनीं १८९० सालीं सुरू केलेल्या ‘करमणूक’ पत्रांतून ती क्रमशः प्रसिद्ध झाली. सारी कथा यमुना नांवाची स्त्री स्वतःच्या तोंडानें सांगते, आणि म्हणूनच ती मोठ्यानें वाचतांना वाचणारीचा आवाज यमूचाच होऊन जातो. माहेरचें बालपण, भावाची माया, सासरची धास्ती, पतीजवळ लिहावयावाचावयास शिकणें, मुंबईतले थोडे सुखाचे दिवस. आणि मग पति निवर्तल्यावर तिच्या इच्छेविरुद्ध झालेलें केशवपन. पुस्तक जाड आहे. कांहीं ठिकाणीं पात्रें बोलतां बोलतां व्याख्यान देऊं लागतात. तेथें नव्या वाचकाला कंटाळा येईल हें मी लपवीत नाहीं. रोज दोनच प्रकरणें घ्यावींत, म्हणजे जड जात नाहीं.

आमच्या घरीं ती १९६४ च्या पावसाळ्यांत वाचली गेली. मी चौदा वर्षांची होतें. जेवणें आटोपल्यावर माजघरांत वाचण्याचें काम माझ्याकडे असे. केशवपनाचें प्रकरण आलें त्या रात्रीं वडील एकदम म्हणाले, “आज एवढें पुरे. उद्यां पुढचें प्रकरण काढ.” त्यांनीं कादंबरी आधीं वाचलेली होती आणि समोर त्यांची अक्का, म्हणजे आमची आत्या, वाती वळीत बसली होती. आत्यानें मान वर केली नाहीं. “गाळूं नकोस ग. वाच,” एवढेंच म्हणाली. मी वाचूं लागलें. अर्ध्यावर माझा घसा दाटला, तेव्हां आईनें पुस्तक घेतलें व प्रकरण पुरें केलें.

बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग आत्यानें विचारलें, “लिहिणारा पुरुषच ना रे?”

“हो, अक्का.”

“मग त्याला हें सांगितलें कोणीं?”

वडिलांजवळ उत्तर नव्हतें. त्या रात्रीं आत्या स्वतः होऊन बोलली. फार नाहीं, न्हाव्याचाही हात थरथरत होता, आणि तिच्या आईनें दार लोटून घेतलें होतें, एवढेंच. पन्नास वर्षें ती आमच्याच घरांत होती आणि तिला त्या दिवसाविषयीं कोणीं विचारलें नव्हतें. जीं प्रकरणें वडील मंडळींना गाळावींशीं वाटतात, तींच वाचावींत असा माझा आग्रह तेव्हांपासूनचा आहे.

कवितेंत ‘बहिणाबाईंची गाणी’. जळगांवजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. जात्यावर, शेतांत, चुलीपाशीं त्या गाणीं रचीत. त्यांचे पुत्र कवि सोपानदेव यांनीं जपून ठेवलेल्या त्या कविता आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानें १९५२ सालीं, बहिणाबाईंच्या निधनानंतर वर्षभरांत, पुस्तकरूपानें बाहेर आल्या. ‘घरोट’, म्हणजे जातें, ही कविता प्रथम घ्यावी. एक मात्र सांगून ठेवतें: त्यांची बोली खानदेशची आहे, ती जशीच्या तशी उच्चारावी. आपल्या घरांतून बोलीचे शब्द ‘शुद्ध’ करून वाचण्याची खोड फार. माझ्या भाच्यानें एकदां तसें करून पाहिलें; दुसऱ्याच ओळीला चाल मोडली, आणि गाण्याच्या जागीं शाळेंतला धडा उरला. शेजारीं कोणी खानदेशचें बिऱ्हाड असेल, तर त्यांनाच वाचावयास बोलवावें.

हीं गाणीं आत्यानेंही ऐकलीं. बहिणाबाईंना ऐन तारुण्यांत वैधव्य आलें, हें आईनें तिला सांगितलें. ती म्हणाली, “जात्यावर आम्हीही पुष्कळ म्हटलें, पण लिहून घ्यावयास कोणी बसलें नाहीं.” दुसऱ्या दिवशीं मी शाळेची वही घेऊन तिच्यापुढें बसलें. पुढच्या दोन वर्षांत एकोणतीस ओव्या जमल्या. वहीची शाई आतां फिकी पडली आहे, म्हणून गेल्या वर्षीं नातीकडून त्या पुन्हां उतरवून घेतल्या. तिनें आत्याचे शब्द मोठ्या काळजीनें सुधारले होते. ते सर्व जसेच्या तसे करावयास लावले.