बिदरची माती

बिदरचे नाव मराठी घरात शिरते ते बहुधा दामाजीपंतांचा हात धरून. दुष्काळाने गांजलेल्या रयतेसाठी मंगळवेढ्याच्या या अधिकाऱ्याने सरकारी कोठारे खुली केली, बिदरच्या बादशहाचा कोप ओढवून घेतला, आणि लुटवलेल्या धान्याची रक्कम विठू महाराच्या रूपाने खुद्द पांडुरंग दरबारात भरून आला, ही कथा कीर्तनांतून आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. तिच्यातले बिदर म्हणजे हिशेब मागणारी एक दूरची राजधानी, यापलीकडे काही नाही. त्या राजधानीत माणसे कोण होती, ती कोठून आली, पाणी कोठले पीत होती आणि हाताने काय घडवीत होती, हे कीर्तनकाराने सांगावे अशी कोणाचीही अपेक्षा नाही. परंतु शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकानेही ते आम्हांला कधी सांगितले नाही. त्याने लढाया सांगितल्या, तख्तावर बसलेल्यांची आणि तख्तावरून ओढलेल्यांची नावे पाठ करून घेतली, आणि पुढचा धडा काढला.

बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या शिवेकडचे निर्णा हे गाव आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांनी ऐकले असेल. त्या बाजूला हुमनाबाद आहे, आणि हुमनाबादेजवळच्या माणिकनगरास माणिकप्रभूंच्या दर्शनाला जाणारी मंडळी आमच्या किनाऱ्यावरही आहेत. घाट चढून देशावर गेले की काळ्या मातीची सवय डोळ्यांना होते. म्हणून बिदरच्या माळावर तांबडी माती आणि तांबडा दगड दिसला की किनाऱ्यावरचा माणूस क्षणभर चमकतो. हा जांभा. तो आम्हांला कोणी समजावून सांगायला नको. आमची घरे, गडगे आणि विहिरी त्याच दगडाच्या. पाऊस पडला की जांभा पाणी पिऊन घेतो, आणि खालचा काळा पाषाण ते सहसा पुढे जाऊ देत नाही. ज्या पातळीवर जांभा संपतो आणि काळा पाषाण सुरू होतो, तेथे पाणी साठते आणि वाट मिळेल तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. बिदरची दोन मोठी तीर्थे अशा पाण्याचीच आहेत. एक नरसिंह झरणी, जेथे भुयारातल्या पाण्यातून चालत जाऊन भाविक देवाला भेटतो. दुसरे गुरू नानकांच्या स्मृतीने पावन झालेले नानक झिरा. दोन्ही नावांत झरा आहे, हा काही योगायोग नव्हे.

बहमनी सुलतान अहमदशहा याने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात गुलबर्ग्याहून राजधानी बिदरला हलवली, तेव्हा उंच पठारावरच्या या शहराला बारमाही पाणी पुरवायचे कसे, हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर म्हणजे करेझ. मूळची ही विद्या इराणची. उंचावरच्या बाजूला पाणी लागेपर्यंत एक मूळ विहीर खणायची. तिच्या तळापासून शहराच्या दिशेने भुयार कोरीत न्यायचे आणि त्याला उतार इतका बेताचा ठेवायचा की पाणी वाहते तर राहावे, पण वेगाने जाऊन तळ खरवडू नये. मध्ये ठराविक अंतरावर उभ्या विहिरी पाडायच्या. त्यांतून खणलेली माती वर येते, आतल्या माणसाला हवा मिळते, आणि पुढे गाळ काढायलाही त्याच उपयोगी पडतात. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. पाणी स्वतःच्या वजनाने चालते आणि जमिनीखालून चालत असल्यामुळे उन्हाने उडत नाही. बिदरजवळच्या नौबादची करेझ दोन किलोमीटरांहून अधिक लांब आहे. इराणी विद्येला येथे बिदरच्या जांभ्याची जोड मिळाली. कोरायला सोपा, तरी कोसळून न पडणारा असा हा दगड भुयारासाठी जणू तयारच होता. कासरगोडच्या डोंगरांत शेतकऱ्यांनी याच जांभ्यात आडवी भुयारे कोरून पाणी काढले. तेथे त्यांना सुरंगम म्हणतात. पुढे खडकीला मलिक अंबरने नहर काढली, बऱ्हाणपूरला १६१५ च्या सुमारास भूमिगत जलमार्ग झाला, तीही याच कुळातली कामे.

उतार अचूक साधणारा तो कारागीर कोण? त्याचे नाव कोणीही लिहून ठेवलेले नाही. दोन विहिरींच्या तळांतून दोन बाजूंनी खणत येणारी माणसे अंधारात एकमेकांना नेमकी भेटत, एवढे काम पाहून सांगता येते.

नाव उरले ते वजिराचे. महमूद गावान हा इराणातल्या गिलानचा व्यापारी १४५३ च्या सुमारास आमच्या दाभोळ बंदरात उतरला आणि तेथून बिदरला गेला. बंदरातून आत गेलेला हा व्यापारी पुढे राज्याचा मुख्य वजीर झाला. त्याच काळात रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितीन चौलला उतरला. बरोबर विकायला एक घोडा होता. तो जुन्नरच्या अधिकाऱ्याने हिसकावला, आणि मोठ्या खटपटीने परत मिळाला. निकितीन बिदरला राहिला, त्याने दरबाराचा डामडौल पाहिला, आणि उमरावांचे ऐश्वर्य अफाट असताना खेड्यांतली माणसे अतिशय दरिद्री आहेत, हेही टिपून ठेवले. परत जाताना तो दाभोळहूनच गेला. बिदरची मोठेपणाची वाट कोकणच्या बंदरांतून गेली होती, हे आम्ही किनाऱ्यावरचे लोक सहसा लक्षात घेत नाही. घोडे, कागद, विद्या, विद्वान आणि साहसी माणसे याच खाड्यांतून घाट चढली.

येथे आमचा एखादा वाचक कपाळाला आठी घालील, याची आम्हांला कल्पना आहे. १ फेब्रुवारी १४७२ रोजी गोवा विजयनगरच्या हातून घेतला तो याच गावानने. त्याआधीच्या शतकातल्या बहमनी अमलात सप्तकोटीश्वराचे काय झाले, माधव मंत्र्याने देवाची पुन्हा प्रतिष्ठापना कशी केली, पुढे पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडले आणि १६६८ साली शिवछत्रपतींनी नार्वे येथे ते पुन्हा कसे उभे केले, हे सर्व आमच्या स्मरणात आहे आणि राहावे. गावान विजेता होता. त्याला आमचा म्हणावे असा आग्रह आम्ही धरीत नाही. मात्र विजेत्याचे शस्त्र आणि त्याच्या राज्यातल्या कारागिराची विद्या या दोन वस्तू निराळ्या मोजल्या पाहिजेत. पोर्तुगीजांच्या तोफा आम्ही सोसल्या, आणि १५५६ साली गोव्यात उतरलेला छापखाना त्यांच्याच गलबतातून आला. त्या यंत्राच्या वंशजांवरच आमचा हा अंक रोज छापला जातो.

१४७२ हे साल गावानच्या चरित्रात विलक्षण आहे. त्याच साली गोवा पडला, त्याच साली बिदरचा त्याचा मदरसा पुरा झाला, आणि त्याच सुमारास बेळगावचा वेढा सुरू झाला. बेळगावच्या तटाखाली सुरुंग खणून त्याने दारू उडवल्याचे इतिहासकार फेरिश्ता सांगतो. दक्षिणेत दारूचा हा वापर तेव्हा नवाच होता. एका हाताने दारू पेरणाऱ्या या माणसाने दुसऱ्या हाताने तीन मजल्यांचे विद्यालय उभे केले. रंगीत कौलांनी मढवलेले दर्शन, विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या खोल्या, व्याख्यानगृहे आणि हस्तलिखितांचे मोठे ग्रंथालय त्यात होते. १४८१ साली विरोधकांनी त्याच्या शिक्क्याच्या कागदावर बनावट पत्र लिहवून सुलतानाकरवी त्याचा शिरच्छेद करवला. मदरसा मात्र चालत राहिला. १६९६ साली, मोगलांच्या अमलात, तेथे ठेवलेल्या दारूचा स्फोट झाला आणि इमारतीचा दर्शनी भाग व एक मनोरा कोसळला. आज उरलेल्या एका मनोऱ्याच्या बाजूला निळ्या-हिरव्या कौलांचे काही तुकडे अजून चमकतात.

राजधानीची तिसरी विद्या मात्र ना वजिराच्या हुकुमावर टिकली ना दारूने मेली. ती बिदरी काम. जस्तात थोडे तांबे घालून, साधारणतः सोळास एक या प्रमाणात, वाळूच्या साच्यात भांडे ओततात. ते घासून गुळगुळीत करतात, मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरते काळे करतात आणि त्यावर टोकदार कलमाने वेलबुट्टी कोरतात. कोरलेल्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा हातोडीने ठोकून बसवतात. मग येते ती बिदरची खरी किमया. किल्ल्यातल्या जुन्या बांधकामांच्या आडोशाची, ऊन-पाऊस न लागलेली माती आणून ती नवसागराबरोबर पाण्यात उकळतात आणि भांडे त्यात घालतात. जस्ताचा भाग मखमलीसारखा काळा होतो. चांदीला काहीही होत नाही. शेवटी तेलाचा हात फिरवला की काळ्यावर पांढरे नक्षीकाम उमटून येते. चांगली माती कोणती हे जुना कारागीर जिभेवर घेऊन ठरवतो. त्याच्या जिभेचे ज्ञान अद्याप कोणा पुस्तकात पुरते उतरलेले नाही.

जस्त ही काही सहज हाती लागणारी धातू नव्हे. भट्टीत ती वितळून खाली न बसता वाफ होऊन उडून जाते. ती वाफ धरून थंड करावी लागते. राजस्थानातल्या झावर येथे हे तंत्र मध्ययुगातच साधले होते. युरोपात विल्यम चँपियन याने ब्रिस्टल येथे जस्त काढण्याच्या पद्धतीचा एकाधिकार मिळवला तो १७३८ साली. तेव्हा हुक्क्यांचे पेले, सुरया आणि पानदाने बिदरी कामात घडवून विकली जात होती. शोध म्हटला की आमची दृष्टी आपोआप पश्चिमेकडे वळते. ही सवय आता मोडायला हरकत नाही.

बिदरी कामाला २००६ साली भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळाली, २०२३ साली बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री देण्यात आली. दोन्ही गोष्टींचा आम्हांला आनंद आहे. परंतु सन्मानपत्राने मुलगा वडिलांच्या शेजारी कलम धरून बसत नाही. दिवसभराच्या कोरीव कामाला पोटापुरता मोबदला मिळाला तर बसतो. किल्ला पुरातत्त्व खात्याकडे, धंदा उद्योग खात्याकडे, आणि मातीचा विचार कोणाकडेच नाही, अशी स्थिती येऊ नये. जिच्यावाचून बिदरी काम बिदरी राहत नाही, ती किल्ल्यातली माती मोजकीच आहे.

करेझची गोष्ट याहून निकडीची आहे. नौबादच्या करेझमधला गाळ २०१५ च्या सुमारास जिल्हा प्रशासनाच्या पुढाकाराने काढू लागले, तेव्हा वर्षानुवर्षे बुजलेल्या विहिरी पुन्हा दिसू लागल्या. हे काम स्तुत्य होते. पण करेझ म्हणजे केवळ भुयार नव्हे. तिच्या वरच्या अंगाला जो माळ पाऊस पितो तो माळ म्हणजे करेझ. त्या माळावर घरांचे आराखडे मंजूर झाले, चहूकडे कूपनलिका पाषाणात शिरल्या, की भुयार कितीही स्वच्छ ठेवले तरी त्यात पाणी येणार कोठून? १९५६ पर्यंत आजच्या लातूर जिल्ह्यातला उदगीर तालुका बिदर जिल्ह्यातच होता. त्याच लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. पाचशे वर्षांपूर्वी कूपनलिका नसताना ज्या मुलखाने राजधानी पाजली, त्याच्या शेजारच्या शहराची ही गत झाली.

आणि आमच्या सड्यांचे काय? चिरेखाणींसाठी जांभा दहा-दहा हात खाली कापला जातो, पायथ्याच्या झऱ्यांचे पाणी माघातच आटते, आणि चैत्रात टँकर मागवण्याचा ठराव ग्रामसभेत मंजूर होतो. बिदरच्या निनावी खोदणाऱ्याला जांभ्याच्या आतले पाणी दिसत होते. आम्हांला त्याच दगडात फक्त चिऱ्याचा भाव दिसतो. कर्नाटक सरकारने करेझच्या वरच्या अंगाचा संपूर्ण माळ आखून तेथे नवी कूपनलिका आणि नवे बांधकाम बंद करावे. आमच्या दोन्ही किनारी राज्यांनी झऱ्यांच्या माथ्यावरचे सडे त्याच न्यायाने नकाशावर घ्यावेत, आणि तोवर त्यांच्यावरच्या खाणींचे नवे परवाने थांबवावेत.