नागपाशाचे पान

मेवाडच्या चित्ररामायणातील युद्धकांडाचे एक पान आहे. त्यात रावणाचा मुलगा इंद्रजित पुन्हा पुन्हा भेटतो: कधी रावणाजवळ महालात, कधी रणात, कधी विजयी होऊन लंकेत परतताना. राम-लक्ष्मण नागपाशात जखडून पडलेले आहेत, आणि वर पुष्पक विमानातून सीता व तिच्यासोबतची राक्षसी त्रिजटा खाली पाहत आहेत. महाराणा जगतसिंह (पहिले) यांच्यासाठी १६४९ ते १६५३ या काळात सिद्ध झालेल्या या पोथीत चारशेच्या आसपास चित्रे होती. मजकूर महात्मा हीराणंद याने लिहिला आणि युद्धकांड १६५२ मध्ये साहिबदीन या मुसलमान चित्रकाराने रंगवले. अशा चित्रांना काळाचे भान नाही, ती भाबडी आहेत, असे म्हणून पुढे सरकण्याची आपल्याला खोड आहे. मला हे साफ अमान्य आहे. साहिबदीनने ही रीत जाणूनबुजून निवडली होती.

एका पानावर एकच क्षण रंगवण्याची दुसरी रीत त्याला येत नव्हती, असे म्हणायला जागा नाही. १६१५ च्या तहानंतर मेवाडचा मोगल दरबाराशी संबंध आला होता, आणि साहिबदीनच्याच १६२८ च्या रागमालेत एका पानावर एकच प्रसंग आहे. रामायणात मात्र त्याच्यापुढे वेगळाच पेच होता. वाल्मीकींच्या कथेत इंद्रजित दोघांना मेलेले समजून बापाला तसे सांगतो. रावण लगेच सीतेला विमानातून ते दृश्य दाखवायला लावतो. सीता कोसळते, त्रिजटा तिला समजावते की तू विधवा असतीस तर या विमानाने तुला वाहून नेलेच नसते. म्हणजे त्याच दोन निश्चल देहांकडे पाहून एकाला जय दिसतो, एकीला सर्वनाश, आणि एकीला आशा. एकच क्षण रंगवला असता तर हाती उरले असते ते फक्त दोन देह. इथे वाचक सगळ्यांच्या नजरा एकाच वेळी पाहतो आणि त्यांतली कोणती चुकते आहे हेही त्याला कळते.

यात कागदाची काटकसर होती, कांड मोठे आणि पाने मोजकी, असे कोणी म्हणेल. असेलही. पण नुसती काटकसरच करायची तर सीतेचे विमान सहज गाळता आले असते. बाण आणि साप एवढ्यावर भागले असते. कथा ठाऊक नसलेला माणूस या पानात हरवतो, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तो खराही आहे, मात्र ही पोथी त्याच्यासाठी नव्हतीच. चित्राला वाल्मीकींच्या मजकुराची सोबत होती आणि पान हातात धरून सावकाश पाहायचे होते. काचेआड टांगून, खाली एका ओळीची पाटी लावली की अर्धा गोंधळ आपणच निर्माण करतो.

पुढे महाराणा भीमसिंह यांनी या पोथीचे काही खंड ब्रिटिश अधिकारी जेम्स टॉड यांना दिले आणि ते अखेर लंडनला पोचले. २०१४ मध्ये ब्रिटिश लायब्ररी आणि मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय यांनी विखुरलेली पाने संगणकावर एकत्र आणली. मनोहर या चित्रकाराच्या बालकांडाची पाने मुंबईच्या याच संग्रहालयात आहेत. ती पाहायला मिळाली तर आधी पाटी वाचू नका. एकच माणूस पानात किती वेळा आला आहे, ते शोधा.