दोन डोळ्यांची दुर्बीण आणि आपले आकाश

माजी विद्यार्थ्यांच्या भेटीगाठींत एक प्रश्न आम्हा शिक्षकांना वारंवार विचारला जातो : "वसतिगृहातल्या मुलांसाठी दुर्बीण द्यायची आहे, कोणती घेऊ?" प्रश्नामागचा जिव्हाळा आम्ही जाणतो. परंतु आमचे उत्तर ऐकून विचारणारे बहुधा थोडे हिरमुसतात. आम्ही सांगतो, मोठी दुर्बीण नको. तेवढ्याच रकमेत दोन-तीन द्विनेत्री दुर्बिणी, म्हणजे दुकानात ज्यांना बायनॉक्युलर म्हणतात त्या द्या. या उत्तरामागची कारणे, तसेच असे उपकरण निवडावे कसे आणि वापरावे कसे, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने सविस्तर मांडत आहोत.

आमचा आरंभ चुकीनेच झाला, हे प्रथम कबूल केले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही हौसेने एक स्वस्त दुर्बीण आणली. खोक्यावर शंभर पटींहून अधिक विवर्धनाची ग्वाही होती. तिचे तीन पाय मात्र वाऱ्याच्या झुळकीनेही थरथरत. मैदानात मुलांची रांग लावून आम्ही गुरू ग्रह दाखविला. प्रत्येक मूल डोळा लावी, "दिसला" म्हणे आणि पुढे जाई. कार्यक्रम छान झाला असे समजून आम्ही आवराआवर करीत होतो, तेव्हा अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावरचा, चश्मा लावणारा मुलगा जवळ येऊन म्हणाला, "सर, मला काहीच दिसलं नव्हतं. सगळे दिसलं म्हणत होते, म्हणून मीही म्हटलं." आम्ही स्वतः डोळा लावून पाहिले, तर तेथे रिकामे काळे आकाश होते. गुरू केव्हाच सरकून गेला होता. किती मुलांनी त्या रिकाम्या आकाशाला "दिसला" म्हटले असेल, याचा हिशेब आम्हांला आजही लागलेला नाही.

यात मुलांचा दोष नव्हता. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तासाला १५ अंश सरकते. शंभर पट विवर्धनाच्या दुर्बिणीत जेमतेम अर्धा अंश आकाश मावते. त्यामुळे स्थिर ठेवलेल्या दुर्बिणीतून ग्रह दोन मिनिटांत बाहेर पडतो. दहा पट विवर्धनाच्या द्विनेत्रीत मात्र सुमारे साडेसहा अंश आकाश एकाच वेळी दिसते, म्हणजे पूर्णचंद्राची तेरा बिंबे शेजारीशेजारी मावतील एवढे. त्यात तारा पंचवीस मिनिटे टिकतो. शिवाय दोन्ही डोळे उघडे राहतात, चित्र उलटे दिसत नाही आणि जिकडे नजर तिकडेच दुर्बीण वळते.

आकड्यांचा अर्थ

द्विनेत्रीवर ७×५०, ८×४२, १०×५० असे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा विवर्धनाचा आणि दुसरा पुढील भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. आकाशदर्शनात दुसऱ्या आकड्याला अधिक मान द्यावा, कारण भिंग जेवढे मोठे तेवढा प्रकाश अधिक गोळा होतो. अंधारात आपली बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते. तिच्या तुलनेत ५० मिलिमीटरचे भिंग जवळजवळ पन्नास पट प्रकाश घेते.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ७×५० मध्ये ती ७ मिलिमीटर आणि १०×५० मध्ये ५ मिलिमीटर असते. वयाबरोबर बाहुली कमी उघडू लागते. पन्नाशी ओलांडलेल्यांना ७ मिलिमीटरच्या झोताचा पूर्ण लाभ बहुधा मिळत नाही. म्हणून मुले, पालक आणि शिक्षक अशा सर्वांनी मिळून वापरण्यासाठी १०×५० हा मध्यम मार्ग उत्तम. लहान मुलांच्या हातांना ८×४२ हलकी पडते. पंधरा-वीस पट विवर्धनाचा मोह टाळावा. हाताचा कंपही तेवढ्याच पटीने वाढतो आणि तिपाईवाचून काही दिसत नाही. विवर्धन कमी-जास्त करता येणाऱ्या स्वस्त 'झूम' द्विनेत्रीही टाळाव्यात.

दुकानात काय पाहावे

द्विनेत्री हातभर दूर, उजेडाकडे धरून नेत्रिकांकडे पाहावे. तेथे दिसणारी प्रकाशाची दोन वर्तुळे पूर्ण गोल असतील तर आतले लोलक चांगले. कडा कापल्यासारख्या, चौकोनी व करड्या दिसल्या तर लोलक हलके आहेत असे समजावे. भिंगांवर दिव्याचे प्रतिबिंब फिकट हिरवे वा जांभळे दिसावे. पांढरे स्वच्छ प्रतिबिंब म्हणजे प्रकाश वाचविणारा लेप नाही. लालभडक चकाकणारी भिंगे शोभेची असतात, ती घेऊ नयेत.

त्यानंतर दूरच्या फलकाकडे पाहावे. एकाच फलकाची दोन चित्रे दिसली किंवा थोड्या वेळात डोळे दुखू लागले, तर दोन्ही नळ्या समांतर नाहीत. हा दोष घरी दुरुस्त होत नाही. चश्मा असणाऱ्यांनी चश्मा लावूनच पाहावे. नेत्रिकेपासून १५ मिलिमीटर किंवा अधिक अंतरावरूनही संपूर्ण चित्र दिसले पाहिजे. मुलांसाठी घेताना दोन्ही नळ्या पुरेशा जवळ येतात की नाही, हेही तपासावे, कारण मुलांच्या डोळ्यांमधील अंतर कमी असते.

प्रत्येकाचे डोळे वेगळे

आमच्या त्या विद्यार्थ्याने शिकविलेला धडा येथे उपयोगी पडतो. दुसऱ्याच्या डोळ्यांना जुळविलेले उपकरण आपल्या डोळ्यांना जुळेलच असे नाही. म्हणून प्रत्येकाने ते स्वतः जुळवावे. आधी दोन्ही नळ्या जवळ-दूर करून दोन वर्तुळांचे एक वर्तुळ करावे. मग उजवा डोळा मिटून, मधले चाक फिरवून डाव्या डोळ्याने तारा टाचणीच्या टोकाएवढा बारीक करावा. त्यानंतर डावा डोळा मिटावा, चाकाला हात न लावता केवळ उजव्या नेत्रिकेचे कडे फिरवून तोच तारा तितकाच बारीक करावा. नुसता जवळचा वा दूरचा चश्मा असेल तर तो काढूनही चालते. दृष्टिवैषम्याचा चश्मा मात्र ठेवावा आणि नेत्रिकेचे रबरी काठ दुमडावेत.

आता वसतिगृहात आमचा एक नियम आहे. "नाही दिसले" असे सांगणाऱ्याला रांगेत पुन्हा पहिला क्रमांक मिळतो. "दिसले" म्हणणाऱ्याने काय दिसले ते सांगावे किंवा वहीत काढून दाखवावे. या नियमामुळे रांग सावकाश सरकते, पण खरी सरकते.

उपकरण स्थिर राहावे म्हणून बाजेवर किंवा गोधडीवर उताणे पडून पाहावे, अन्यथा कोपरे भिंतीवर टेकावीत. पाहण्याआधी वीस ते तीस मिनिटे अंधारात बसावे. मोबाइलचा उजेड ही सारी तयारी क्षणात घालवितो. बॅटरीवर लाल जिलेटीन कागद बांधला की काम भागते. आणि एक नियम कोणत्याही परिस्थितीत मोडू नये : द्विनेत्री सूर्याकडे कधीही वळवू नये. क्षणभरात दृष्टी कायमची जाऊ शकते. म्हणून दिवसा ती कुलपातच ठेवावी.

तिथीप्रमाणे आकाश

पौर्णिमा, अष्टमी आणि अमावास्या या उपोसथाच्या तिथी आपल्या संस्थेत सर्वांना पाठ असतात. निरीक्षकासाठीही हेच वेळापत्रक सोयीचे आहे. वैशाखी पौर्णिमेला सारे जण अंगणात असतात. पूर्णचंद्र विशाखा नक्षत्राजवळ असतो, म्हणून या महिन्याचे नाव वैशाख. त्या रात्री चंद्रावर सावल्या नसतात, पण दक्षिणेकडील टायको विवरातून फाकलेले पांढरे पट्टे द्विनेत्रीत सुंदर दिसतात. डोंगर व विवरे पाहायची तर शुद्ध अष्टमीची संध्याकाळ निवडावी. उजेड-अंधाराच्या सीमेवर सावल्या लांब पडलेल्या असतात आणि खड्ड्यांची खोली जाणवते.

अमावास्येच्या आसपासच्या रात्री ताऱ्यांच्या. हिवाळ्यात कृत्तिका पाहाव्यात. गॅलिलिओने १६१० साली प्रसिद्ध केलेल्या चित्रात त्याने कृत्तिकांचे ३६ तारे दाखविले होते. त्याच्या अरुंद दुर्बिणीत हा पुंज एकदम मावत नसे, आपल्या द्विनेत्रीत तो सगळा मावतो. मृगाच्या तिकांड्याखालचा धूसर ठिपका म्हणजे नवे तारे जन्मत असलेला तेजोमेघ. देवयानीतील अंडाकृती पुंजका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूरची दीर्घिका आहे. सप्तर्षींच्या बाजेमागच्या तिघांतील मधला वसिष्ठ आणि त्याची अरुंधती यांची जोडी मुलांना लगेच सापडते. हात टेकविला तर गुरूचे चार चंद्रही दिसतात. शनीची कडी मात्र दिसत नाहीत. ती दिसतील असे मुलांना सांगू नये.

आपल्या जिल्ह्याचे एक भाग्य येथे सांगितले पाहिजे. नंदुरबार सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने दक्षिणेचे पुष्कळ आकाश आपल्याला दिसते. मे महिन्यातल्या अंधाऱ्या रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास चित्रा तारा दक्षिणेला येतो. त्याच्या सरळ खाली, क्षितिजापासून हात लांब करून धरलेल्या दोन मुठींच्या उंचीवर नरतुरंगातील ओमेगा नावाचा तारकागुच्छ आहे. द्विनेत्रीत तो कापसाच्या गोळ्यासारखा दिसतो. त्यात सुमारे १ कोटी तारे आहेत आणि अंतर आहे सुमारे १७ हजार प्रकाशवर्षे. लंडनमधल्या निरीक्षकाच्या क्षितिजावर तो कधी उगवतच नाही. तोरणमाळच्या पठारावर किंवा सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर, जेथे दक्षिणेकडे डोंगर आड येत नाही, तेथे तो अंगणातून पाहता येतो.

जपणूक आणि विनंती

पावसाळ्यात भिंगांवर बुरशी चढते. त्या काळात द्विनेत्री हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि पुड्या वेळोवेळी बदलाव्यात. दव पडले तर पुसू नये, आपोआप सुकू द्यावे. धूळ आधी फुंकणीने उडवावी, मग मऊ ब्रशने झटकावी. सदऱ्याच्या टोकाने भिंग पुसण्याची सवय सर्वांत घातक. पाहताना पट्टा गळ्यात असलाच पाहिजे.

देणगी देऊ इच्छिणाऱ्यांना आमची विनंती एवढीच की, एका मोठ्या उपकरणाऐवजी मुलांच्या हाती फिरू शकतील अशी काही साधी उपकरणे द्यावीत. पालकांनाही सांगणे आहे. सुट्टीत मूल घरी आले की अंगणातला दिवा तासभर मालवा आणि त्याच्याकडून आकाश समजून घ्या. ज्या अंधारासाठी शहरातले हौशी निरीक्षक रात्रीचा प्रवास करून गावाबाहेर जातात, तो आपल्या पाड्यांवर दाराशी आहे. तो चश्मेवाला विद्यार्थी पुढे रांगेतल्या लहान मुलांची द्विनेत्री जुळवून देऊ लागला. प्रत्येकाला तो एकच प्रश्न विचारी, "खरंच दिसलं का?" आणि उत्तर येईपर्यंत थांबे.